पकडीतल्या गप्पा

माझ्या सख्ख्या भावाचा गळा मी बावीस वर्षं आवळला, आणि तोही पगार घेऊन. पगार वेळेवर मिळायचा असं नाही, पण गळा मात्र वेळेवर आवळावा लागायचा. शनिवारी आणि रविवारी, संध्याकाळी, तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर.

पोस्टरवर त्याचं नाव पोलाद आणि माझं विंचू. तो पांढऱ्या चड्डीत, मी काळ्या. तो दोरावरून उडी मारून रिंगमध्ये आला की मुलं खुर्च्यांवर उभी राहायची, आणि मी आलो की त्याच मुलांच्या आया मला शिव्या घालायच्या. दादा देखणा, छाती भरदार, आवाज गोड. मला देवाने तोंड देताना घाई केली असावी. पण एक सांगतो, आमच्या धंद्यात नायकाला नुसतं उभं राहायचं असतं, काम सगळं खलनायक करतो. त्याने मारलेला साधा धक्का मी असा झेलायचो की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही आपल्याच बरगड्या मोडल्यासारखं वाटावं. दादा पोलादी दिसायचा तो माझ्या पडण्यामुळे. हे मी त्याच्या तोंडावरही सांगायचो आणि त्याला ते मान्य होतं.

आमची कुस्ती तमाशबिनांसाठी होती, म्हणजे निकाल आधी ठरलेला. तिला खोटी म्हणणाऱ्याने एकदा लाकडी फळ्यांवर पाठीवर पडून दाखवावं, मग बोलू.

कंपनी काढली वस्तादांनी. त्यांनी आम्हा दोघांना घेतलं तेव्हा आम्ही या शहरात नवे होतो, आम्हाला कोणी ओळखत नव्हतं. वस्तादांनी दोघांना निरखून बघितलं आणि म्हणाले, "आजपासून तुम्ही भाऊ नाही. लोक भांडणाचं तिकीट काढतात. भांडणाऱ्यांना एका ताटात जेवताना बघितलं तर पैसे परत मागतील." मग त्यांनी नियम सांगितले. चांगल्यांची आणि वाईटांची बस वेगळी. कपडे बदलायची खोली वेगळी, हॉलचं दार वेगळं, चहाची टपरीसुद्धा वेगळी. रस्त्यात समोरासमोर आलो तर एकाने फुटपाथ बदलायचा. तो एक म्हणजे मी, हे ओघानेच आलं.

आम्हाला तेव्हा गंमत वाटली. विशीतल्या पोरांना कशाचीही गंमत वाटते. पुढे दादाचं लग्न झालं, त्याने घर घेतलं, आई त्याच्याकडे राहायला आली, आणि मी सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या एका खोलीत राहिलो. दादाच्या घरी जायचं तर अंधार पडल्यावर, मागच्या गल्लीतून, धुण्याच्या दगडाशेजारच्या दाराने. त्या दारात माझं डोकं नेहमी आपटायचं. वहिनी म्हणायच्या, "भावजी, वाकून या," आणि मी म्हणायचो, "वहिनी, मी वाकतोच, दारच मान देत नाही."

माझंही लग्न एकदा जवळपास ठरलं होतं. मुलीच्या वडिलांनी मला दारातच ओळखलं. बसा म्हणाले नाहीत. म्हणाले, "मागच्या रविवारी त्या पोलादच्या डोळ्यांत मिरचीची पूड का टाकलीस?" आता ती पूड नव्हती, लाल रंगाची माती होती, आणि ती टाकायची कल्पना खुद्द पोलादची होती. पण हे सांगता येत नव्हतं. मी तसाच जिना उतरलो. पुढच्या खेळात दादाला हे सांगितलं तेव्हा तो माझ्या काखेत मुंडकं अडकलेल्या अवस्थेत इतका हसला की लोकांना वाटलं त्याला झटका आला.

हो, आम्ही रिंगमध्येच बोलायचो. पकड घातली की दोघं मिनिटभर तसेच पडून राहतात ते उगाच नाही. पुढची चाल ठरवायची असते आणि दमही घ्यायचा असतो. तोंड दुसऱ्याच्या खांद्याआड न्यायचं आणि ओठ न हलवता बोलायचं. सगळेच बोलतात. फक्त आमच्या बोलण्यात चाल एक आणि घरच्या गोष्टी चार. छोटीला, म्हणजे माझ्या पुतणीला, पहिला दात आला ही बातमी दादाने माझा हात पिरगाळताना दिली. मला हसू आवरेना, म्हणून मी त्याच्या खांद्याला चावलो. त्या दिवशी लोकांनी पाण्याच्या बाटल्या फेकल्या. आईचं दुखणं, घराचे हप्ते, छोटीची नोकरी, सगळं मला असंच कळलं, गळ्यात गळा घालून. इतरांच्या घरी भाऊ ओट्यावर बसून बोलतात. आमचा ओटा चार दोरांच्या आत होता आणि वर दिवे होते.

आई गेली तेव्हा दादाच्या घरासमोर गर्दी जमली होती. मी मागच्या रांगेत, परक्यासारखा उभा. शेजारचा एक माणूस दुसऱ्याला म्हणाला, "विंचू असला तरी माणुसकी आहे बघ, दुश्मनाची आई गेली तर आला." मी मान खाली घातली. दादाने एकदा वळून माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. शनिवारी आमचा खेळ होता.

वस्तादांच्या मागे कंपनी दादाकडे आली आणि तिचे वाईट दिवसही त्याच्याच वाट्याला आले. लोकांना घरात बसून, पाय वर घेऊन, आमच्यापेक्षा दहापट मोठ्या आणि चकचकीत मारामाऱ्या फुकट बघायला मिळू लागल्या. मग आमच्या गळक्या हॉलमध्ये कोण येणार? दादाने धूर सोडणारं यंत्र आणलं, रंगीत दिवे आणले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. धुराने पहिल्या रांगेतले म्हातारे खोकायला लागले, एवढाच काय तो फरक पडला. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तसं झालं. दिव्यांसाठी कर्ज, त्या कर्जासाठी आणखी एक, आणि शेवटी घर गहाण. मल्ल एकेक करून निघून गेले. कुणी राखणदार झाला, कुणी गोदामात पोती उचलू लागला. चाळीसातले नऊ उरलो. त्यात वाईट बाजूचा मी एकटा.

दोन बसपैकी एक विकली तेव्हा प्रश्न आला की आता मी कशातून जाणार. दादा म्हणाला, नियम म्हणजे नियम. मग असं ठरलं की बाहेरगावी खेळ असला की मी सगळ्यांबरोबर बसायचं, पण मागच्या सीटवर, पडदा ओढून. गाव जवळ आलं की पंच बस थांबवायचा. आमचा पंचच बस चालवायचा आणि तिकिटंही तोच फाडायचा. मी पिशवी घेऊन उतरायचो आणि उरलेली वाट पायी जायचो. वाईट माणूस चांगल्यांच्या बसमधून उतरताना दिसायला नको ना. मी तोंड वाकडं करून, छाती काढून गावात शिरायचो. बघायला कोणी नसायचं. एकदा एका दुकानातल्या बाईने विचारलं, "काका, पत्ता चुकलात का?"

मला पूर्वी वाटायचं की लोकांनी शिव्या दिल्या की माणूस एकटा पडतो. तसं नसतं. शिव्या देणाऱ्याला आपण ठाऊक असतो. माझ्या खोलीखालचा सायकलवाला कित्येक वर्षं माझ्याशी बोलत नव्हता, कारण तो पोलादचा भक्त. मग त्याने दुकान पोराच्या हाती दिलं. पोरगा मला बघून "नमस्कार" म्हणाला आणि भाडं थोडं वाढेल म्हणाला. त्याला विंचू कोण ते माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी मी खोलीत जाऊन आरशासमोर डोळे वटारून बघितले. बाहेर पाण्याच्या टाकीवर कावळे बसले होते. मला फार एकटं वाटलं.

म्हणून दादाने जेव्हा कंपनी बंद करायची ठरवली तेव्हा बाकी सगळे रडकुंडीला आले आणि मी मात्र खूश झालो. हे चांगलं नव्हे, पण खरं आहे. कंपनी बंद म्हणजे नियम बंद. मी दादाच्या घरी पुढच्या दाराने जाणार, दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर. वहिनींनी तर रस्त्याकडची खोली माझ्यासाठी रिकामी केली. छोटी नोकरीला परगावी गेल्यापासून तिथे नुसत्या गाद्या पडल्या होत्या. वहिनींनी रंगाचे दोन डबे आणले आणि मला विचारलं, "भावजी, फिकट निळा की पिवळा?" पन्नाशीला टेकलेल्या माणसाला असा प्रश्न यापूर्वी कोणी विचारला नव्हता. मी विचार करून सांगतो म्हटलं आणि आठवडाभर दुसरा विचारच केला नाही. पिवळा सांगितला. भिंती रंगवून झाल्याचं दादाने मला दोरावर लटकवून सांगितलं.

अशात तो मॅनेजर आला.

तो मोठ्या कंपनीचा, त्या फुकटात दिसणाऱ्या चकचकीत मारामाऱ्यांवाल्यांचा. आमच्या हॉलमध्ये साठेक माणसं असतील, त्यात शेवटच्या रांगेत तो कोट घालून बसला. खेळ झाल्यावर माझ्या कपडे बदलायच्या खोलीत आला. म्हणाला, "मी देशभर फिरतो, सगळ्यांचं बघतो. पण तुमच्या दोघांमधलं जे वैर आहे ना, ते शिकवून येत नाही. तुम्ही त्याचा गळा धरता तेव्हा तुमचे डोळे बघावेत." मी म्हटलं, "जुनं आहे ते." तो म्हणाला, "दिसतंच." मग दादाला भेटायला गेला, दुसऱ्या दाराने, दुसऱ्या खोलीत. वस्ताद असते तर त्यांना धन्य वाटलं असतं.

त्यांचं काय बोलणं झालं ते दादाने मला त्या रात्री सांगितलं नाही. मागच्या दाराने गेलो तर तो झोपलाय असं वहिनींनी सांगितलं. त्या माझ्या नजरेला नजर देईनात. पुढच्या शनिवारी रिंगमध्ये, मी त्याची मान धरून खाली पाडलं, तेव्हा तो बोलला.

"मॅनेजरने होकार दिलाय."

"कशाला?"

"तुला घेतायत. पाच वर्षांसाठी. पैसे आधी देतायत, घर सुटेल आणि पगार भागतील एवढे."

"आणि तू?"

"माझी मान तुझ्याच हातात आहे, सांग कोण घेईल ती? आता मला उजवीकडे फेक."

मी त्याला उजवीकडे फेकलं. तो दोरावर आपटला, परत आला, मी पुन्हा धरलं. त्याच्या मानेचे मणके झिजले होते. डॉक्टरांनी खेळ बंद करायला सांगून वर्ष झालं होतं. मी पकड घालताना माझा हात त्याच्या मानेखाली असा सरकवायचो की वजन माझ्या कोपरावर यावं.

"मी नाही जाणार," मी म्हटलं. "माझी खोली तयार आहे."

"ऐकून तर घे. त्यांना आपलं वैर हवंय. शेवटच्या खेळात तू मला हरवायचं. पोलादला संपवणारा विंचू, म्हणून ते तुला तिकडे उभं करणार."

"मग?"

"मग पाच वर्षं आपण कुठे एकत्र दिसायचं नाही. घरी नाही, दारी नाही. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे म्हणतो तो. एक फोटो निघाला तर करार मोडला आणि पैसे परत."

"आपण भाऊ आहोत हे सांगितलंस त्याला?"

"वेडा आहेस का? त्याने वैर विकत घेतलंय."

आमच्यात नियम असा की जाणारा हरतो. कंपनी सोडून जाणाऱ्याने राहणाऱ्याच्या हातून पडायचं, आपली ताकद इथेच ठेवून जायची. बावीस वर्षांत दोघांपैकी कोणी गेलं नाही, मी शेवटी पडत आलो ते खलनायक म्हणून. आता तो कुठेच जात नव्हता, घरीच राहणार होता, आणि तरी जाणारा तोच ठरला होता. मी जाणार होतो आणि तरी राहणारा मी होतो. मला संताप आला.

"आणि माझी खोली?" मी विचारलं.

"घर राहिलं तर खोली राहील ना रे."

मी कोपर सरकवलं नाही. पकड खरी आवळली. दादाच्या तोंडून असा आवाज आला जो मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. त्याचा नाटकातला कण्हण्याचा आवाज मोठा असतो. हा अगदी बारीक होता. मी चटकन सोडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना वाटलं पोलादने पकड तोडली.

दुसऱ्या दिवशी मागच्या दाराने गेलो. डोकं आपटलं, पण कोणी काही बोललं नाही. दादा मानेला गरम पाण्याची पिशवी लावून बसला होता. वहिनींनी माझं ताट वाढलं आणि एकदम म्हणाल्या, "भावजी, तुम्ही नाही म्हणा. घर गेलं तर गेलं. भाड्याची खोली घेऊ, तिघं राहू. तुमच्या जिवावर किती दिवस ओढायचं हे?"

मी दादाकडे बघितलं. तो भाताची शितं बोटाने गोळा करत होता, एकेक. तो काहीतरी म्हणेल म्हणून मी वाट बघितली. तो 'जा' म्हणाला असता तर मी भांडलो असतो. 'राहा' म्हणाला असता तर राहिलो असतो, आनंदाने, गळक्या छपराखालीसुद्धा. पण तो शितंच गोळा करत राहिला. सहा महिन्यांचा पगार थकलेले आठ लोक त्याच्या डोक्यावर होते. पंचाची बायको दवाखान्यात होती. आणि हे घर त्याने माझ्या पडण्यावर उभं केलं होतं, हे तो जाणून होता, म्हणून आता त्याला माझ्याकडे काही मागता येत नव्हतं. त्याने मागितलं नाही आणि मला सगळं ऐकू आलं.

"वहिनी, पाच वर्षं म्हणजे काय हो," मी म्हटलं. "बघता बघता जातील."

वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या.

शेवटच्या खेळाला हॉल भरला. पोस्टरवर एवढंच छापलं होतं की पोलाद शेवटचा उतरतोय. जे लोक दहा-दहा वर्षं फिरकले नव्हते ते आपापली पोरं घेऊन आले, जागा मिळाली नाही म्हणून भिंतीला टेकून उभे राहिले, आणि एकमेकांना सांगू लागले की काय दिवस होते ते. मला इतका राग आला की सांगता सोय नाही. मेल्यावर खांदा द्यायला सगळा गाव येतो, आजारपणात औषध आणून द्यायला कोणी नसतो. मी रिंगमध्ये गेलो आणि त्यांना दात दाखवले. त्यांनी शिव्या दिल्या. खूप दिवसांनी मिळालेल्या होत्या, म्हणून मी उभा राहून सगळ्या घेतल्या.

शेवट कसा करायचा ते ठरलं होतं. मी पंचाची नजर चुकवून दादाला मागून धरायचं, खाली पाडायचं, खांदे टेकवायचे, पंच तीन आकडे मोजणार. दादाने एकच अट घातली होती, पाठीवर थाप मारून हार मानायची नाही. तीन थापा म्हणजे शरण गेलो. इतक्या वर्षांत पोलाद कधी शरण गेला नव्हता. पडला असेल, थाप दिली नव्हती. लोकांनी मुलांची नावं त्याच्यावरून ठेवली होती ती त्यासाठी.

आम्ही छान खेळलो. दादाची मान वळत नव्हती, म्हणून मी दोघांच्या वाटचं पळालो. मॅनेजर पहिल्या रांगेत होता. वहिनी आणि छोटी त्याच्या डाव्या हाताला, पण त्याला त्या कोण ते माहीत नव्हतं. वेळ झाली तसं मी दादाला मागून धरलं आणि खाली आणलं. माझा उजवा हात त्याच्या मानेभोवती, कोपर खाली, वजन माझ्यावर. आता त्याला उलटा करून खांदे टेकवायचे होते, बस्स.

मला ते करवेना.

पाच वर्षांनी तो साठीकडे झुकलेला असणार आणि मी त्याच्या मागोमाग. पाच वर्षं मला त्याच्या घामाचा वास येणार नव्हता. जगात माझं असं एकच माणूस होतं आणि मला त्याला हात लावायची परवानगी एवढ्याच फळ्यांवर होती. मी त्याच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि तसाच पडून राहिलो.

"चल, उलटव," दादा म्हणाला.

"थांब जरा."

"दमलास?"

"नाही."

लोक चुळबुळ करू लागले. पंच जवळ येऊन वाकला आणि डोळ्यांनी विचारून गेला. दादाचा श्वास माझ्या छातीखाली वरखाली होत होता. मग म्हणाला, "पिवळा चांगला दिसतो रे खोलीला. सकाळी ऊन येतं."

मी रडू लागलो. तोंड लपलेलं होतं, पण पाठ हलत असणार. लहानपणी मी अंथरुणात असा रडायचो तेव्हा दादा काय करायचा ते मला त्या क्षणी आठवलं नाही, त्याच्या हाताला आठवलं. त्याचा मोकळा हात माझ्या पाठीवर आला आणि त्याने मला थोपटलं. एकदा, दोनदा, तीनदा.

पंचाने बघितलं. तीन थापा. त्या बिचाऱ्याचा काय दोष? आयुष्यभर तो दुसरा अर्थ शिकलाच नव्हता. त्याने हात वर केला आणि घंटा वाजली.

हॉल गप्प झाला. पोलाद शरण गेला होता. मागे कुठेतरी एक म्हातारा मोठ्याने "नाही, नाही" म्हणत होता.

तरी मी सोडलं नाही. घंटा वाजत होती आणि मी दादाला घट्ट धरून होतो, पंच माझे दंड ओढत होता आणि मी धरून होतो. मग लोक उठले. हरलेल्या माणसाला अजून आवळतोय म्हणून असा आरडाओरडा झाला की छताचे पत्रे थरथरले. बाटल्या आल्या, खुर्चीची एक पाठ आली, ती माझ्या डोक्याला लागली. "सोड त्याला," लोक ओरडत होते, "सोड, हरामखोरा, सोड." त्यात काही बायका रडत होत्या. माझ्या कानाशी दादा तेच म्हणत होता, हळू आवाजात. "सोड आता. जा. सोड रे."

मग मी सोडलं. दादा डोळे मिटून तसाच पडून राहिला, हरलेल्याने राहावं तसा. चौघांनी त्याला उचललं आणि त्याच्या बाजूच्या दाराने नेलं. वहिनी आणि छोटी मागोमाग धावल्या. त्याने थोपटलं की हार मानली, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. विचारायचं तर भेटावं लागेल.

हॉलमधल्या माझ्या बाजूच्या खोलीत मी कपाळावर ओला टॉवेल धरून बसलो होतो. मॅनेजर आत आला, दार लावलं आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला. त्याचे डोळे चमकत होते.

"अप्रतिम," तो म्हणाला. "थापेचं तर ठरलंही नव्हतं ना? आणि घंटा झाल्यावरही सोडलं नाहीत, ते तर कळसच. माझ्या अंगावर काटा आला. तिकडे दर खेळाच्या शेवटी हेच करायचं."

"कोणाबरोबर?" मी विचारलं.

"जो समोर असेल त्याच्याबरोबर," तो म्हणाला. "त्यात काय?"